पाल चुकचुकवणाऱ्या गेम्स : एकच घ्यायची तर कुठली?

मावसभावाचा मेसेज आला, "ताई एकच घ्यायचीय, कुठली घेऊ, पण ओरडणारी नको." तो ठाण्याला वर्तकनगरात राहतो, वन बीएचके, घरात मावशी-काका, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या पैशाने गेम घेतोय म्हणून एवढा विचार चाललाय, नाहीतर आत्तापर्यंत सगळं मित्राच्या अकाउंटवरून. ओरडणारी नको म्हणजे काय ते मला लगेच कळलं. दार उघडलं की तोंडावर भूत, सोबत कर्कश आवाज, आपण खुर्चीतून उडतो आणि दोन मिनिटांनी चहा पितो, ते नको. त्याला पाहिजे ते दुसरं, ज्यात काहीच होत नाही आणि तरी मनात पाल चुकचुकते आणि ती झोपेपर्यंत चुकचुकतच राहते. मी त्याला फोनवर अर्धा तास बडबडले, मग म्हटलं हे लिहूनच काढू, कारण हाच प्रश्न मला ऑफिसातल्या दोघींनी पण विचारलाय.

आधी एक सांगते, ही भीती काही नवीन नाही. २०१४च्या ऑगस्टमध्ये प्लेस्टेशन ४ या गेम खेळायच्या मशीनवर पी.टी. नावाचा फुकट डेमो आला होता, घरातला एक एल आकाराचा पॅसेज, त्याच्या टोकाचं दार उघडलं की परत तोच पॅसेज, बस एवढंच, आणि लोकांची झोप उडाली. २०१५ला तो स्टोअरवरून काढून टाकला, ज्या मोठ्या गेमची ती झलक होती ती पण रद्द झाली. मग एकट्यादुकट्याने गेम बनवणाऱ्या लोकांनी तो धागा पकडला, कारण एक पॅसेज बनवायला तीनशे माणसांची टीम लागत नाही, आणि आज स्टीम किंवा इच डॉट आयओ या गेम्स विकणाऱ्या वेबसाइटवर गेलात तर तास-दीड तासात संपणाऱ्या अशा गेम्सचा नुसता पूर आलाय. त्यातल्या नव्वद टक्के भंगार आहेत हे माझं मत, आकडा मनाने टाकलाय, भांडू नका.

आता निवडायचं कसं? लोक विचारतात जास्त भीतीदायक कुठली. हा प्रश्नच चुकीचा आहे असं मला खेळून खेळून वाटायला लागलंय. या गेम्स तुम्हाला भूत देत नाहीत, काम देतात. एखादं साधं, कंटाळवाणं, रोजचं काम. बघायचं काम, आकडे जुळवायचं काम, ऐकायचं काम, दुकानातलं काम. आणि मग ते काम नासवतात. गेम संपते पण ते काम तर तुम्ही दुसऱ्या दिवशी पण करणार असता ना, मग भीती तिथे भेटते. म्हणून स्वतःला विचारायचं की माझ्या दिवसातलं कुठलं काम नासलं तर मला चालेल. मी सोमवार ते शुक्रवार स्टेशनच्या सबवेतून जाते, त्यामुळे पहिल्या गेमने माझी पूर्ण वाट लावली.

तर पहिली, द एक्झिट ८. जपानच्या कोताके क्रिएट या डेव्हलपरची, २९ नोव्हेंबर २०२३ला आली. तुम्ही मेट्रोच्या भुयारी रस्त्यात आहात, पांढऱ्या टाइल्स, वर ट्यूबलाइटी, एका बाजूला पोस्टर्स, दुसऱ्या बाजूला दोन-तीन बंद दारं, जमिनीवर अंध लोकांसाठी असते ती पिवळी पट्टी, आणि समोरून पांढऱ्या शर्टातला एक माणूस चालत येतो आणि बाजूने निघून जातो. भिंतीवर नियम लिहिलेत: काही वेगळं दिसलं तर लगेच मागे फिर, काहीच वेगळं नसेल तर पुढे जा, आठ नंबरच्या दारातून बाहेर पड. बरोबर ठरलात की पाटीवरचा नंबर एकाने वाढतो, चुकलात की परत शून्य. गेम एवढीच. गावाकडे याला चकवा लागला म्हणतात, माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच बांधावर असतो, फक्त इथे बांधाला टाइल्स लावल्यात.

ऐकायला पोरखेळ वाटतो, वर्तमानपत्रात रविवारी यायचं ना दोन चित्रांतले दहा फरक ओळखा, तसंच. पण तिथे आपल्याला माहीत असतं की फरक आहेत. इथे नसू पण शकतात, आणि खरी गंमत त्यातच आहे, कारण सगळ्यात जास्त घाम फुटतो तो जेव्हा काहीच बदललेलं नसतं तेव्हा. तुम्ही त्या पोस्टरसमोर उभे राहता, डोळे आधी असेच होते का? दाराची मूठ इथेच होती का? माणूस आत्ता जरा माझ्याकडे बघून गेला का? आणि स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा जातो. काही फरक ढळढळीत आहेत, दोन-तीन तर अंगावर धावून येतात हे आधीच सांगून ठेवते, पण जे इवलेसे आहेत तेच लक्षात राहतात. दुसऱ्या दिवशी मी नेरुळ स्टेशनच्या सबवेतून जाताना मोबाईल कव्हरवाल्याच्या शेजारची एक जाहिरात बघत मिनिटभर थांबले, ती काल होती का नव्हती आठवेना, आणि मागून एक काकू "अहो चला की" म्हणून ओरडल्या. सिरियसली. मागे फिरायची इच्छा झाली होती मला.

स्टीमच्या पानावरच लिहिलंय १५ ते ६० मिनिटं. मला पाऊण तास लागला, त्यातली वीस मिनिटं पाचवरून शून्यावर येण्यात गेली. एकदा बाहेर पडलात की राहिलेले फरक शोधायला परत खेळता येते, पण दुसऱ्या फेरीत भीती अर्ध्यावर येते, तिसऱ्या फेरीत ती गेम कोड्याची होते. हा तिचा तोटा. आणि अजून एक, गोष्ट शून्य. तुम्ही कोण, तिथे का अडकलात, काही नाही. मला ते आवडलं, पण गोष्ट लागणाऱ्यांना अर्धवट जेवल्यासारखं वाटेल. पुढचा भाग प्लॅटफॉर्म ८ पण आहे, २०२४च्या मेमधला, त्यात सबवेऐवजी ट्रेनचे डबे, पण त्यात अंगावर येणाऱ्या गोष्टी जास्त आहेत म्हणून मी तो या शर्यतीत धरत नाही.

दुसरी, आयर्न लंग. डेव्हिड शिमान्स्कीची, मार्च २०२२. ही एक्झिट ८च्या बरोबर उलटी आहे. तिथे तुम्हाला सगळं लख्ख दिसतं, इथे काहीच दिसत नाही. गोष्ट अशी की विश्वातले सगळे तारे आणि राहण्यासारखे सगळे ग्रह एका झटक्यात गायब झालेत, उरलीत ती यानांमधली नि अंतराळ स्थानकांवरची मूठभर माणसं, आणि तुम्ही त्यांच्यातले एक कैदी. एका चंद्रावर रक्ताचा समुद्र सापडलाय, हो रक्ताचा, त्यात तुम्हाला एका गंजक्या पाणबुडीत बसवून बाहेरून वेल्डिंग मारून खाली सोडलंय. खिडकी लोखंडी पत्र्याने बंद. आत काय, तर एक नकाशा, दिशा आणि पुढे-मागे करायची बटणं, आकडे दाखवणारी पाटी, जवळ भिंत आली की लुकलुकणारे दिवे, आणि मागच्या बाजूला कॅमेऱ्याचं एक बटण. नकाशावर दिलेल्या जागी पोचायचं, बटण दाबायचं, आणि मग पडद्यावर एक दाणेदार काळा-पांढरा फोटो हळूहळू उमटतो.

त्या दोन-तीन सेकंदांसाठी अख्खी गेम आहे. फोटो यायच्या आधी तुम्हाला माहीत नसतं बाहेर काय आहे, फोटो आल्यावर पण नीट कळत नाही, हा दगड आहे का हाड आहे, हे मगाशी इथेच होतं का जवळ आलंय. आणि फोटो काढल्यावर परत नकाशाकडे यावंच लागतं, पाठ त्या पडद्याकडे करूनच. भुताचे सिनेमे बघताना आपण डोळ्यांवर हात ठेवतो ना, या माणसाने आख्ख्या गेमच्या डोळ्यांवरच हात ठेवलाय आणि आपल्याला म्हणतो आता तू चालव.

यातलं काम आकड्यांचं आहे. उजवीकडचा आकडा इतका, वरचा इतका, कोन इतका, हळू, अजून थोडं, थांब. एक्सेल भरणाऱ्या माणसाला हे फार ओळखीचं आहे आणि पहिली पंधरा मिनिटं तसाच कंटाळा येतो, मी खोटं बोलणार नाही, मी मध्ये उठून दूध बंद करून आले. मग एक थप्प आवाज येतो, बाहेरून, पत्र्यावर. काहीतरी घासून जातं. आणि तुम्ही आकडे बघत असता, कारण दुसरं काही करताच येत नाही. पळायला जागा नाही, बंदूक नाही, दार नाही. पाऊस होता त्या रात्री, आमच्या बिल्डिंगच्या बाल्कनीला वर पत्रा मारलाय सगळ्यांनी मारलाय तसा, त्यावर पाणी पडत होतं आणि कुठला आवाज आतला कुठला बाहेरचा ते कळेना, शेवटी हेडफोन काढून चेक केलं. तासाभरात संपते. शेवटाकडे एक धक्का आहे, तेवढा एकच, तो नसता तरी चाललं असतं असं मला वाटतं, पण कमावलेला आहे.

जून २०२३मध्ये टायटॅनिक बघायला गेलेली ती खरी पाणबुडी फुटली आणि पाच जण गेले, तेव्हा या गेमची विक्री एकदम वर गेली होती. बनवणाऱ्यालाच ते बरं वाटलं नाही, तसं त्याने जाहीरपणे म्हटलं पण. मला त्यात गेम खेळणाऱ्यांची विकृती वगैरे दिसत नाही, माणसाला बंद डब्यात बसलेल्याला काय वाटत असेल हे जाणून घ्यायचं असतं, बस. पण तुम्हाला लिफ्टमध्ये श्वास कोंडल्यासारखं होत असेल तर ही घेऊ नका, मी गंमत नाही करत, यातली भीती सगळी त्यावरच उभी आहे.

दोन्ही समोरासमोर ठेवल्या तर, एक्झिट ८मध्ये तुम्हाला तुमच्याच डोळ्यांची भीती वाटते आणि आयर्न लंगमध्ये कानांची. एक्झिट ८मध्ये चुकलात तर शून्यावर, म्हणजे शिक्षा लगेच कळते, त्यामुळे चिडचिड पण होते, "अरे काय होतं वेगळं??" म्हणून मी उशी फेकली होती. आयर्न लंगमध्ये सहसा चुकता येतच नाही, फक्त उशीर करता येतो, आणि तुम्ही मुद्दाम उशीर करता, कारण पुढच्या फोटोचं बटण दाबावंसं वाटत नाही. मला विचाराल तर स्वतःहून बटण दाबायला लावणारी भीती वरच्या दर्जाची. एक्झिट ८ हुशार आहे, आयर्न लंग हुशार आहे आणि दुःखी पण आहे, त्या जगात कोणी वाचण्यासारखं उरलेलंच नाही ही गोष्ट ती कुठेही ठासून न सांगता अंगात उतरवते. (दोन्हींवर सिनेमे पण निघाले. पण आधी गेम खेळा, सिनेमात बटण दुसराच दाबतो.)

तिसरी, अॅनाटमी. किटी हॉररशो नावाने गेम्स करणाऱ्या डेव्हलपरची, २०१६ची, इच डॉट आयओवर मिळते. रात्रीचं एक साधं घर, अंधार, तुम्ही एकटे. घरात कॅसेटी सापडतात, त्या स्वयंपाकघरातल्या टेपरेकॉर्डरवर लावायच्या, ऐकायच्या, मग पुढची शोधायला दुसऱ्या खोलीत. कॅसेटमधला आवाज शिकवणीच्या बाईंसारखा शांतपणे सांगतो की घर म्हणजे शरीर आहे, कुठली खोली कुठला अवयव. आणि मग गेम बंद होते. आपोआप. तुम्हाला वाटतं लॅपटॉप हँग झाला. परत चालू करायची, तर आतलं घर पहिल्यासारखं राहिलेलं नसतं. यापुढे मी काही सांगणार नाही, कारण हिच्यात जे आहे ते एवढंच आहे आणि ते कळलं की पैसे वाया.

ही तिन्हीत सगळ्यात हळू आहे. चालायचा वेग गोगलगायीचा, चित्र जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखं गढूळ, अंधार एवढा की दुपारी खेळायला बसलात तर स्वतःचंच तोंड स्क्रीनवर दिसेल. ज्याला इंग्रजी ऐकून झटकन कळत नाही त्याने जरा विचार करावा, कारण कॅसेटमधला आवाज फाटका आहे आणि मजकूर कळला नाही तर नुसतं अंधारात फिरणं राहतं. बाकी दोघींमध्ये इंग्रजी चार ओळींचं आहे, तिथे अडत नाही. पण कळलं तर, बापरे. बाकीच्या गेम्स तुम्हाला बाहेर कुठेतरी नेतात, सबवेत, समुद्रात. ही घरात आणून सोडते. आम्ही सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, रात्री पाण्याच्या पाइपातून गुडगुड येते, लहानपणापासून ऐकतेय, कधी काही वाटलं नव्हतं. आता तो आवाज पोटातून आल्यासारखा वाटतो, आणि पोट माझं नाही. ही गेम खेळून तीन वर्षं झाली.

म्हणून हिला मी सगळ्यात चांगली म्हणेन आणि सगळ्यात कमी लोकांना सुचवेन. भाड्याने एकटे राहत असाल, नवीन फ्लॅटमध्ये नुकते शिफ्ट झाला असाल, तर आत्ता नको. पुढच्या वर्षी.

आता पटापट बाकीच्या. चिलाज आर्ट हे जपानमधले दोन भाऊ, ते दर वर्षी काही ना काही काढतात, त्यातली द कन्व्हिनियन्स स्टोअर, २०२०ची. रात्रपाळीला दुकानात काम करणारी कॉलेजातली मुलगी, माल लावा, गिऱ्हाइकाचं बिल करा, कचरा टाकून या. मी स्वतः दोन वर्षं ऐरोलीला नाइट शिफ्ट केलीय, पहाटे साडेतीनला पँट्रीत कॉफी मशीनचा तो घुर्रर्र आवाज आणि लांबच लांब रिकाम्या खुर्च्या, त्यामुळे हिचा पहिला अर्धा भाग मला कोणी माझ्यावरच काढल्यासारखा वाटला. गिऱ्हाईक आल्यावर दाराची घंटी वाजते ना, ती वाजली आणि कोणीच आत आलं नाही की बास. पण दुसऱ्या अर्ध्यात ती बाकीच्यांसारखी होते, धावपळ, आवाज, उलगडा. शांत भीती पाहिजे असणाऱ्याला अर्धीच गेम मिळते. हालचाल पण जरा अवघडलेली आहे, वस्तू उचलायला नेमकं कुठे बघायचं ते शोधण्यात वेळ जातो. सेलमध्ये असेल तर घ्या, नाहीतर राहू द्या.

माउथवॉशिंग कोणीतरी सुचवणारच, कारण २०२४च्या सप्टेंबरनंतर सगळीकडे तीच होती. स्वीडनच्या राँग ऑर्गनची. मालवाहू यान आपटलंय, पाच जण आत अडकलेत, आणि कसला माल वाहत होते ते बघायला उघडतात तर सगळा माउथवॉश. फार चांगली गेम आहे, मी रडले होते. पण ती या यादीत बसत नाही, एक तर ती दोन-अडीच तासांची आहे, आणि तिच्यातली भीती शांत नाही, ती घुसमटलेली आहे, माणसाने माणसाचं काय केलं त्याची. त्यात बाईवर झालेल्या अत्याचाराचा धागा आहे, थेट दाखवत नाहीत, पण कळतो. सहज मजा म्हणून शनिवारी लावायची ती गेम नाही. मावसभावाला मी तिचं नावच घेतलं नाही.

फुकटात बघायचं असेल तर दोन. पहिली 'सप्टेंबर १९९९' नावाची, २०१८ची, स्टीमवर फुकट, बरोबर ५ मिनिटं ३० सेकंद चालते, एक खोली आणि एक पॅसेज, हातात व्हिडिओ कॅमेरा. साडेपाच मिनिटांत काय घाबरवणार म्हणाल तर घाबरवत नाही, घाण वाटते, हात धुवावेसे वाटतात. या प्रकाराचा पहिला घास म्हणून चांगली, नाही आवडली तर पुढचे पैसे वाचले. दुसरी फियर्स टू फॅदम मालिकेतला पहिला भाग, होम अलोन, २०२१चा. आणि ही आपल्या देशातल्या डेव्हलपरची आहे बरं का, गोष्टी अमेरिकेतल्या असल्या तरी. चौदा वर्षांचा मुलगा, आईवडील बाहेरगावी, रात्र, मोबाईलवर मेसेज, आणि बाहेर कोणीतरी आहे. भूतबित काही नाही, माणूसच. आमची आजी सांगायची हाकामारी रात्री दाराबाहेर ओळखीच्या आवाजात हाक मारते, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. ती आठवली. घरी आपण एकटे असताना बेल वाजली की सेफ्टी डोअरपर्यंत पाय न वाजवता जातो ना, तेवढंच काम आहे हिच्यात, आणि ते नासतं. पण ही पण शेवटी पळवते.

मशीनचं बोलू, कारण त्यावर बऱ्याच जणांचं ठरतं. माझा लॅपटॉप ऑफिसने काढून टाकलेला, ग्राफिक्स कार्ड नावाला. अॅनाटमी आणि आयर्न लंग त्याच्यावर आरामात चालल्या, त्यांचं चित्रच जुन्या प्लेस्टेशनसारखं ओबडधोबड आहे. एक्झिट ८ मात्र दिसायला साधी असली तरी अनरियल इंजिन ५ या गेम बनवायच्या भारी सॉफ्टवेअरवर आहे, टाइल्सवरची चकाकी फुकट येत नाही, माझ्याकडे पंखा विमानासारखा वाजायला लागला आणि सेटिंग खाली आणावी लागली. सेटिंग खाली आणली की बारीक फरक दिसायला त्रास होतो, म्हणजे मूळ कामावरच पाणी. ज्यांच्याकडे निन्टेंडो स्विच किंवा प्लेस्टेशन आहे त्यांना तिथे पण ती मिळते.

पैशांचं म्हणाल तर स्टीमवर रुपयांत किंमत दिसते, यूपीआय चालतं, जून-जुलैच्या आणि डिसेंबरच्या सेलमध्ये या सगळ्या अजून खाली येतात. इच डॉट आयओवर डॉलरमध्ये, कार्ड लागतं, घरच्यांचं कार्ड मागावं लागणार असेल तर "कसली गेम आहे" हे समजावण्याची तयारी ठेवा, "घराला अवयव आहेत" हे माझ्या बाबांना पटलं नव्हतं. आणि एक विनंती. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेली गेम परत करता येते, आणि या गेम्स तर दोन तासांच्या आतच संपतात. २०२१ला समर ऑफ ५८ नावाची दीडेक तासाची हॉरर गेम करणाऱ्या डेव्हलपरने जाहीर केलं होतं की लोक खेळून संपवतात, चांगलं म्हणतात आणि रिफंड घेतात, त्यामुळे मी आता थांबतो. हॉटेलात मिसळ वाटी पुसून खाल्ल्यावर पैसे परत मागण्यासारखं आहे हे. तर्री बेचव होती तर पहिल्या पावालाच सांगा.

हेडफोन की स्पीकर? आयर्न लंग हेडफोनशिवाय खेळू नका, अर्धी गेम कानात आहे. अॅनाटमीला पण लावा पण आवाज मधला ठेवा, पुढे पुढे तो अचानक फाटतो. एक्झिट ८ला गरज नाही, आणि इथेच माझं मत बदललं.

कारण माझ्या डोक्यात मावसभावाला आयर्न लंगच सांगायची होती. एकच घ्यायची, एकट्याने बसून खेळायची, ओरडणारी नको, मग तीच. पण त्याच्या घरी एकट्याने बसायची सोयच नाही, टीव्ही हॉलमध्ये, लॅपटॉप हॉलमध्ये, रात्री काकांचं घोरणं हॉलमध्ये, आणि साडेदहाला मावशी "कानातलं काढ आणि झोप" म्हणणार. पाणबुडीत बंद झाल्याची भीती बाजूला कोणी शेंगा सोलत असताना लागतच नाही. एक्झिट ८चं तसं नाही. ती माणसांत बसून पण चालते, उलट जास्त चालते, कारण एकाला वाटतं बदललंय आणि दुसऱ्याला वाटतं नाही, आणि दोघांनाही खात्री नसते. म्हणजे शंका वाटून घेतली तर कमी होत नाही, वाढते. हे बाकी कुठल्याच गेमला जमलेलं नाही. तर हिशोब साधा झाला, स्वतःची खोली आणि दार लावायची मुभा असेल तर आयर्न लंग, भरलेलं घर असेल आणि मशीन बरी असेल तर एक्झिट ८, भरलेलं घर आणि मशीन डबडी असेल तर आधी फुकटातल्या दोन बघा आणि कोणी लग्नाला बाहेरगावी जाईपर्यंत आयर्न लंग विशलिस्टमध्ये ठेवा. अॅनाटमी ज्याला घ्यायचीय तो मला विचारणार नाहीच.

शनिवारी त्याने एक्झिट ८ घेतली. तारेने टीव्हीला जोडली. दीड तासाने फोन, हा अजून दोनच नंबरवर. मावशी मागे भेंडी चिरत बसलेली, तिने मान वर न करता सांगितलं म्हणे, "अरे त्या तिसऱ्या दाराची मूठ मध्ये आलीय, मघाशी कडेला होती." तो म्हणाला नव्हती. मागे फिरला नाही. शून्य. पुढच्या वेळी ती म्हणाली काही नाही बदललेलं, जा पुढे, हा पोस्टरकडे बघत राहिला, मागे फिरला, परत शून्य. मग तिने सुरी ठेवली आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढली. सहापर्यंत नेलं तिने त्याला, मग काका आले, चॅनेल बदललं.

काल तिचा मला मेसेज, त्याचा नाही. विचारत होती तो शर्टवाला माणूस रोज त्याच वेळेला येतो का, आणि तू शनिवारी ये, दोघी मिळून करू, त्या पोराला दिसत नाही.